कापसाला उतारा, माणसाला नुसता काटा

१/ दर्यापूरच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढते. पण व्यवहार तेथे संपत नाही. ओलावा किती, रुईचा उतारा किती, हे पाहिल्याविना जाणकार भाव बोलत नाही. वजन घटविण्याच्या औषधोपचारात मात्र नुसता काटा पाहून यश जाहीर होते. हा हलगर्जीपणा आहे.

२/ वऱ्हाडाला मोजमापाची शिस्त नवी नाही. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मापात पाप नको, ही जाण तेव्हाची.

३/ देहाचे माप निराळ्या वाटेने आले. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात उंची-वजनाचे गणित मांडले, ते समाजाच्या सरासरीसाठी. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. एका रुग्णाचे स्नायू मोजणे हा त्याचा हेतूच नव्हता.

४/ पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ भारतीय देहात स्नायूंची शिल्लक मुळातच तोकडी असू शकते.

५/ सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही सहभागींचे डेक्सा स्कॅन झाले. घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित वस्तुमानाचा होता. वजन घटविण्यासाठीचे हे इंजेक्शन २०२५ मध्ये भारतात आले.

६/ ‘४० टक्के स्नायू गेले’ ही ओरडही तितकीच चुकीची. चरबीविरहित वस्तुमानात पाणी आणि यकृतादी अवयवही येतात. जिममधील विद्युतप्रवाही यंत्र तर शरीरातील पाण्यावरूनच अंदाज बांधते. ओल्या कापसासारखी त्याची फसगत होते. म्हणून यंत्र तेच, वेळ तीच, पोट रिकामे, हा नियम हवा.

७/ ‘तालुक्याला हे परवडेल कसे?’ हा आक्षेप लंगडा आहे. स्कॅन नसला तरी पकडमापक आणि एक खुर्ची पुरते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार पुरुषाची पकड २८ किलोंहून, स्त्रीची १८ किलोंहून कमी असणे हे क्षीणतेचे लक्षण. खुर्चीतून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, हेही तसेच. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालविणाऱ्या अमरावती जिल्ह्याला बळाचे मोल शिकवावे लागू नये.

८/ मागणी एवढीच: औषधाच्या पहिल्या चिठ्ठीवर वजनाशेजारी कंबर, पकड आणि खुर्चीचे सेकंद लिहावेत, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत. पकड घसरली, तर काट्यावरील घट यश म्हणून मिरवू नये.