आडनाव काय म्हणालात?



जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण कॉलर ताठ करून म्हणतो. त्या परभणीतही आता प्रेम मोबाईलवर आलंय. डावीकडे अंगठा म्हणजे नकार, उजवीकडे होकार. ॲप बनवणारे म्हणतात, नाती उथळ होतायत, खोल करू. मग प्रश्न वाढवतात. डोंगर आवडतो की समुद्र? कुत्रं पाळणार का?

जिंतूरच्या आपल्या पोराला पहिल्या पाच मिनिटांत भलताच प्रश्न येतो. आडनाव काय म्हणालात? सांगितलं की तिकडून बोलणं बंद.

2020 मध्ये सह्यांची मोहीम झाली तेव्हा शादी डॉट कॉमनं कातडीच्या रंगाची चाळणी काढली. जातीचा रकाना मात्र राहिला. रंगाची लाज वाटली, जातीची नाही! जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण पचलं नाही, सभाच रद्द केली. धंदेवाल्यांना कुठून पचणार?

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्या मेळाव्यात भिंतीवर बाबासाहेब आणि फॉर्मात पोटजात. स्वतःच्या फोनात ॲप, बहिणीच्या फोनात सापडलं तर थोबाडीत. पोरगी पटवताना क्रांती, लग्नाला आईची पसंती. कसली रे ही चळवळ?

बम्बल 2018 मध्ये भारतात आलं तेव्हा बाईला नावाचं फक्त पहिलं अक्षर दाखवायची सोय दिली. चांगलं केलं. फोटोही दोघांनी हो म्हटल्याशिवाय दिसू नये. कारण परभणीत दहा किलोमीटरचा घेर लावला की त्यात मामा, मास्तर, मालक सगळेच येतात. एक स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर पडला की पोरीचं कॉलेज बंद. पोराचं काय होतं ते खर्ड्यानं दाखवलंय. 2014 मध्ये नितीन आगेला मारलं. सतरा वर्षांचं पोर. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो, एवढा संशय पुरला. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फिरले होते.

ॲप भेट घालून देतं आणि हात झटकतं. पुढे 1954 चा विशेष विवाह कायदा. तीस दिवस आधी नोटीस, तीही कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावलेली, नाव-पत्त्यासकट. ते तीस दिवस कुठं काढायचे, याचं बटण कुणाच्या ॲपात आहे? जिल्ह्याच्या ठिकाणी अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घराचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये राज्यांना सांगितलं.

पुण्यात कोड लिहिणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, डोंगर-समुद्र नंतर बघू. आधी हे तीस दिवस बांधा. जवळचा वकील, रात्रीपुरती खोली, न फिरणारे तीन साक्षीदार. कायद्याला तीनच लागतात. परभणीतून सहीला कोण कोण येणार, नावं कळवा. आडनाव नसलं तरी चालेल.