नदीचे वळण

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, असे आपण म्हणतो. नदीचे वळण मात्र अवश्य पाहावे, असे अलीकडे माझे मत झाले आहे. निमित्त झाले आमच्या थोरल्या मेहुण्यांचे. निवृत्तीनंतर राहावयास त्यांनी सांगलीस नदीकाठी जागा पाहिली. "दादाच्या खिडकीतून कृष्णामाई दिसेल हो!" सौ. हर्षभरित होऊन म्हणाली.

त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी मला उपग्रहाने टिपलेली मिसिसिपी नदीची चित्रे दाखविली. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची अशी चित्रे घेत आहेत. नदी नागमोडी होती, हे ठीक. पण तिच्या दोन्ही अंगांस, शेतांमधून, चंद्रकोरीसारखी तळी नि जुन्या वळणांच्या फिकट रेघा पसरल्या होत्या. पाटी पुसली, तरी अक्षरे दिसावीत तशा!

वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोराने घासते, तो काठ ढासळतो. आतल्या काठाला ते मंद असते, तेथे वाळू-गाळ साठतो. वळण वाढत जाते, त्याची मान बारीक होते आणि एखाद्या पुरात नदी ती कापून सरळ निघते. मागे उरते ते कोरीसारखे तळे. पुराचा गाळ पसरून सभोवतालचे सपाट मैदान होते. म्हणजे काठची जमीन ही नदीचीच घडणावळ!

अमेरिकेतील यादवी युद्धात व्हिक्सबर्गच्या तोफा चुकविण्यासाठी उत्तरेच्या सैन्याने असेच एक वळण कापून कालवा खणू पाहिला. १८६३ साली ते हात टेकून बसले. १८७६ साली नदीने ते वळण आपण होऊन कापले, आणि व्हिक्सबर्गचा धक्का पाण्यावाचून राहिला! अखेर १९०३ साली कालव्याने याझू नदीचे पाणी तेथे आणावे लागले.

आपली कृष्णाही सांगलीपाशी वळणे घेतच वाहते. २००५, २०१९ आणि २०२१ साली ती गावात शिरली. २०१९ साली आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांवर गेले. ज्याला आपण पूर म्हणतो, ते तिचे आपल्याच अंगणात येणे असते.

मी दादांना फोन केला. म्हटले, "घर उंचावर पाहा, आणि माईच्या दर्शनाला रोज पायी जा. माईने आपल्या दर्शनाला घरी यावे, यापेक्षा ते बरे!"

दादा हसले नाहीत. "विसाराची रक्कम देऊन चुकलो आहे," एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ती चित्रे मलाही पाठवाल का?"