गोळीआधी तपासणी मागा

शेतीच्या पानावर कॅन्सरचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण गावोगाव खत-बियाण्याच्या बैठका घेताना हल्ली कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर म्हणे नुसती गोळी निघालीय, खरं का?" आता हे कृषी खात्याच्या माणसाला का विचारायचे? कारण गावात नेमाने येणारा आणि दोन घटका थांबणारा सरकारी माणूस बऱ्याच ठिकाणी तोच असतो. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण वाचून, जाणत्या डॉक्टरांना विचारून जे कळले ते सांगायला हरकत नाही.

गोळी खरी आहे. पण ती सगळ्यांची नाही. ज्याची आहे त्याला ती फार मोठा दिलासा देते आणि ज्याची नाही त्याचा लाखमोलाचा वेळ खाते. माझे सारे म्हणणे या दोन वाक्यांतच आहे, बाकीचा खुलासा.

आधी गोळी करते काय ते बघू. आपल्या पेशीच्या अंगावर बारीक बारीक बटणे असतात. त्यातल्या एका बटणाचे नाव ईजीएफआर. बाहेरून वाढीचा निरोप आला की बटण दाबले जाते, आतली कळ सुरू होते आणि पेशी वाढते, दुभंगते. काम झाले की कळ बंद. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर डोळ्यापुढे आणा. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसले तर बटण दाबून उपयोग नाही, मोटार चालूच राहते. काही लोकांच्या फुफ्फुसातल्या पेशीत या ईजीएफआरच्या जनुकात बिघाड होतो आणि कळ अशीच चिकटून बसते. निरोप नसताना पेशी वाढत सुटतात. कळ चालायला आतल्या खाचेत पेशीचे इंधन येऊन बसावे लागते. गोळीतले औषध नेमके त्या खाचेत जाऊन बसते. इंधनाला जागाच उरत नाही, कळ बंद पडते आणि त्या एका निरोपावरच जगणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मरू लागतात. बिघडलेल्या बटणाला औषध जास्त घट्ट धरते, चांगल्याला कमी. म्हणून तर ही गोळी माणसाला सोसते.

केमोथेरपीचे तसे नाही. जी पेशी भराभर वाढते तिला केमो मारते. मग ती केसांच्या मुळातली असो, तोंडातली असो की रक्त तयार करणारी. ज्वारीत फवारायचे निवडक तणनाशक आणि बांधावर मारायचे सरसकट तणनाशक, यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. पण म्हणून केमो वाईट आणि गोळी चांगली, असा अर्थ कोणी काढू नये. बांधावर सरसकटच लागते.

आता ही माहिती डॉक्टरांना कशी कळली तेही थोडे सांगतो, कारण त्यातच आपल्या कामाची गोष्ट आहे. गेफिटिनिब नावाची गोळी पहिल्यांदा २००२ साली जपानमध्ये मंजूर झाली. तेव्हा कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, याचा थांग नव्हता. काहींची छाती चार-सहा आठवड्यांत मोकळी व्हायची, बाकीच्यांना ढिम्म फरक नाही. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की ज्यांना गुण येतो त्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बिघाड असतो. पुढे २००९ साली पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना केमो. बिघाड असलेल्यांपैकी गोळीने गाठ चांगली आकसली ती ७१ टक्के लोकांत, केमोने ४७ टक्क्यांत. बिघाड नसलेल्यांत काय झाले? केमोने २३ टक्क्यांना गुण आला आणि गोळीने जेमतेम १ टक्क्याला! शंभरातला एक. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या अभ्यासातले बहुतेक लोक कधीच सिगारेट न ओढलेले होते, म्हणजे ज्यांच्यात बिघाड असेलच अशी अटकळ होती तेच. तरी तपासणी झालेल्यांपैकी १०० पैकी ४० जणांत तो निघाला नाही. सांगायचा मुद्दा, तोंड बघून, सवयी विचारून हे कळत नाही. माती हातात घेऊन 'पालाश कमी आहे' असे सांगणारे आपण पाहिलेत. त्यांचे जेवढे खरे, तेवढेच हे.

हे एवढे ताणून का सांगतो, तर आमच्याच भागातल्या एका गावातली हकीकत. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. बिडी नाही, तंबाखू नाही. जन्म चुलीपुढे गेलेला. खोकला सुरू झाला. घरच्यांनी आधी दुर्लक्ष केले, मग फोटो काढला, डाग दिसला आणि थुंकी न तपासताच टीबीची औषधे सुरू झाली. पाच महिने तीच. वजन घटत गेले, छातीत पाणी झाले. अखेर मोठ्या शहरात नेल्यावर तुकडा काढून तपासला, ईजीएफआरचा बिघाड निघाला आणि गेफिटिनिब सुरू झाली. महिन्याभरात दम कमी झाला, सुगीला बाई खळ्यावर आल्या. गावाने हे डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांच्याच भावकीतल्या एका बिडीवाल्या गड्याला हाच आजार निघाला. तुकड्याची आणखी एक तपासणी करायची, निकालाला दोन आठवडे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. घरच्यांना दम निघाला नाही. "काकूंना लागू पडली तीच देऊ की," म्हणून बाईंच्या पट्ट्या मागून आणल्या, पुढच्या विकत घेतल्या. केमोची तारीख चुकवली. दवाखान्यातून निरोप आले, कोणी गेले नाही. दोन महिन्यांनी दमायला लागला तेव्हा नेला. निकाल केव्हाच येऊन पडला होता. बिघाड नव्हता. आणि तोवर केमो सोसण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती. तो गेला. मागे दोन लेकरे आणि अडीच एकर कोरडवाहू आहे.

त्या घराला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. गोळी समोर दिसते, तपासणी दिसत नाही. आणि तपासणीला खर्च, खेपा, मुक्काम. पण डॉक्टरांच्या, योजनांच्या आणि आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात 'गोळी' आधी आणि 'तपासणी' नंतर येते, हे उलटे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळीवर सवलत देणाऱ्याने तपासणीवर आधी द्यावी. तुकडा जिल्ह्याच्या गावी काढून पुढे पाठवता येतो, त्यासाठी रुग्णाने स्वतः मुंबई गाठण्याची गरज नसावी. तुकडा काढणे जमत नसेल, पुरेसा निघत नसेल, तर रक्तातूनही ही तपासणी होते. मात्र रक्तात बिघाड सापडला नाही म्हणून तो नाहीच, असे समजून चालत नाही.

भारतातल्या रुग्णांत ईजीएफआरचा बिघाड साधारण चौघा-तिघांमागे एकाला सापडतो, तोही मुख्यतः अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कॅन्सरमध्ये. बायकांत आणि कधीच धूम्रपान न केलेल्यांत जास्त, पण बिडी ओढणाऱ्यांतही असतो, म्हणून त्यांनाही तपासणी नाकारू नये. आणखी एक बिघाड एएलके नावाचा. तो थोड्या लोकांत, शंभरात तीन-पाच. त्याची गोळी वेगळी. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर बिडीवाल्यालाच होतो, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. बाईमाणसाचा तीन आठवड्यांवरचा खोकला हाही खोकलाच असतो, त्याला 'चुलीचा धूर' म्हणून सोडून देऊ नये. टीबी आपल्याकडे भरपूर आहे आणि त्याचे औषध बरे करणारे आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि दोन महिने औषध घेऊन उतार नाही, तर सी.टी. स्कॅनचा आग्रह धरा.

गोळीने आजार मुळातून जातो का? शरीरात पसरलेला असेल तर नाही. हे कटू आहे, पण खोटी आशा लावणे त्याहून वाईट. आजार आटोक्यात राहतो, माणूस चालता-बोलता राहतो आणि मग एक दिवस औषध चालेनासे होते. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणे कसे बंद केले, २०१७ साली आपण काय भोगले, आठवते ना? इथे तसेच. औषधातून वाचलेल्या पेशी वाढतात. निम्म्याहून जास्त रुग्णांत त्या खाचेची ठेवणच बदलते आणि गेफिटिनिब तिथे टिकत नाही. त्यासाठी ओसिमर्टिनिब नावाची पुढची गोळी निघाली, २०१५ साली अमेरिकेत मंजूर झाली. आता ती पहिल्यापासूनच देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या गोळ्यांनी आजार साधारण १० महिने आवरला, हिने जवळजवळ १९. मेंदूत गेलेल्या आजारावरही ती चांगली चालते. लवकर सापडलेल्या गाठीची शस्त्रक्रिया करून नंतर ही गोळी तीन वर्षांपर्यंत दिली, तर पाच वर्षांनी १०० पैकी ८८ जण हयात होते, न दिलेल्यांत ७८. किंमत मात्र सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राने तिच्यावरचे सीमाशुल्क काढले, पण तेवढ्याने ती गोरगरिबांच्या घरात पोचत नाही.

म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केलेले काम मला मोठे वाटते. त्यांनी प्रश्नच आपल्या माणसाचा घेतला: महागडी गोळी परवडत नाही, तर स्वस्त गेफिटिनिबलाच केमोची जोड दिली तर? ईजीएफआरचा बिघाड असलेले ३५० रुग्ण. नुसत्या गोळीवर आजार ८ महिने आवरला, गोळी आणि केमो मिळून १६ महिने. हे २०१९-२० मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर त्रास मात्र दुप्पट लोकांना झाला, ५१ टक्क्यांना, नुसत्या गोळीवर २५. तेव्हा हे प्रत्येकाला सोसेल असे नाही, वय आणि ताकद बघून डॉक्टर ठरवतील. पण ओसिमर्टिनिब परवडत नाही म्हणून हातपाय गाळून बसलेल्या माणसाने हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

गोळी सुरू झालेल्यांसाठी थोडे. चेहऱ्यावर-छातीवर मुरमांसारखे पुरळ येते, हगवण लागते, नखांच्या कडा सुजतात. ही बटणे चांगल्या कातडीत आणि आतड्यातही असतात म्हणून. घाबरून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. पण अचानक दम लागू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुफ्फुसाला सूज येण्याचा प्रकार क्वचित होतो, पण तो जिवावरचा. आणि गेफिटिनिब चालू असताना ॲसिडिटीच्या गोळ्या मनाने खाऊ नका, त्याने ती अंगी नीट लागत नाही. टीबीच्या औषधातले रिफाम्पिसिन तर रक्तातले गेफिटिनिब ८० टक्क्यांहून अधिक घटवते. दोन्ही आजार एकत्र असतील तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. गावातल्या जडीबुटीचेही लपवू नका.

पैशाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन त्याला गाठा आणि नेमके विचारा: ईजीएफआर आणि एएलकेची तपासणी यात बसते का? कोणती गोळी बसते? नुसते 'कॅन्सर बसतो' एवढ्यावर उठू नका.

आणि तुकडा काढला की तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात घालून ठेवतात, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दवाखाना बदलायचा असेल तर रिपोर्टबरोबर हा ब्लॉकही मागून घ्या. त्यावरून पुढची तपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. फक्त तो उन्हात ठेवलेल्या पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळते.