काळी स्क्रीन आणि नानांचे फोटो

"मामू, लॅपटॉप गेला!" भाची रडवेली झाली होती. लिनक्समध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर स्क्रीन काळी. आत मरहूम नानांचे फोटो. सगळं पुसून नव्याने टाकायला ती निघाली होती. मी थांबवलं. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि सिस्टिम यांच्यातला दुभाषा. तो अडखळला म्हणून फाइली जात नाहीत.

उबुंटू असेल, तर लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबा. यादीतल्या पहिल्या नावावर 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी ही अक्षरं सलग टाइप करा, मग एफ १०. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. बहुधा साधं चित्र दिसू लागतं. आधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या. मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट चालू असल्यास तिथे पासवर्ड ठरवावा लागू शकतो. पुन्हा सुरू करताना निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्या.

भाचीच्या स्क्रीनवर नाना पुन्हा हसले. तुमच्या घरातल्या फोटोंची दुसरी प्रत आहे ना? नसेल तर आजच काढा.