आधी कपाट उघडा

गेल्या चातुर्मासापासून आमच्या बेळगावच्या बायकांत एक नवं अभक्ष्य निघालंय, ते म्हणजे लाल भोपळा. त्याच्या पाठोपाठ पपई, आंबा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला आणि घरचं तूपसुद्धा. कांदा, बटाटा, गाजर आपण का सोडतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामागे शास्त्र आहे, परंपरा आहे. या नव्या यादीमागे आहे तो फोनवर फिरणारा एक मजकूर. त्यात म्हटलंय की 'अ' जीवनसत्त्व हे जीवनसत्त्व नव्हेच, ते विष आहे. ते यकृतात साठतं आणि अंगाच्या खाजेपासून थकव्यापर्यंत सगळं त्यातूनच होतं. म्हणून जे जे पिवळं, केशरी, हिरवं, ते ते ताटातून काढा. आणि शेवटी एक ओळ: घरातली विषारी रसायनंही कमी करा.

त्या मजकुरातली ही शेवटची ओळ तेवढी खरी आहे. आणि आमच्या बायकांनी नेमकी तीच सोडून दिली! भोपळा स्वयंपाकघरातून गेला, डांबरगोळ्या मात्र कपाटात तशाच आहेत. याच्यावर कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं, म्हणून मी बोलते.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घर चालवणारी बाई आहे. पण तीस वर्षं चातुर्मासाचा स्वयंपाक माझ्या हातून झालाय आणि जे पोटात जायचं त्याबद्दल वाचून, विचारून घ्यायची मला सवय आहे. त्या जोरावर लिहिते.

हा 'अ'-विरोधी आहार आला कुठून ते आधी ऐका. त्याचा मोठा प्रचारक कॅनडातला एक इंजिनिअर. डॉक्टर नव्हे, आहारतज्ज्ञही नव्हे. त्याचं स्वतःचं वर्षानुवर्षांचं मुख्य जेवण काय, तर गोमांस आणि पांढरा भात! आपल्यापर्यंत येता येता त्यातलं मांस कुणीतरी सोयीनं गाळलं. मग उरलं काय? भात. तो मजकूर भक्तिभावानं पुढे पाठवणाऱ्या माझ्या श्राविका बहिणींना आपण कुणाच्या ताटाची नक्कल करतोय याची कल्पना तरी आहे का?

आता त्या मजकुरात सत्याचा जो अंश आहे तोही सांगते, कारण अर्धसत्याला नुसतं 'खोटं' म्हणून हाकललं तर ते मागच्या दारानं परत येतं. 'अ' जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही आणि यकृतात साठतं, हे खरं. त्याचं तयार रूप, म्हणजे रेटिनॉल, फार झालं तर बाधतं, हेही खरं. 1913 मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेत झेवियर मर्ट्झ नावाचा संशोधक मरण पावला. अन्न संपल्यावर त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं गाडी ओढणारी कुत्री खाल्ली होती, त्यांच्या यकृतासकट. त्या यकृतातलं 'अ' जीवनसत्त्व त्याला भोवलं असावं, असं पुढे अनेकांनी मानलं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या देतात, त्याही याच कुळातल्या. गरोदरपणी त्या घेतल्या तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून त्या काळात त्या पूर्ण वर्ज्य आहेत. प्रौढ माणसानं दिवसाला 3000 मायक्रोग्रॅमहून जास्त रेटिनॉल घेऊ नये, अशी मर्यादाही घालून दिलेली आहे.

पण बायांनो, हा धोका कशातून येतो? प्राण्यांच्या यकृतातून, माशांच्या यकृताच्या तेलातून, मनानं घेतलेल्या कॅप्सुलांतून आणि औषधांतून. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या घराचा उंबरठाही ओलांडत नाहीत. भोपळा, पपई, आंबा, मेथी यांत रेटिनॉल नसतं, कॅरोटीन असतं. शरीर त्यातून गरजेपुरतंच 'अ' बनवतं आणि बाकीचं बनवायचं थांबवतं. पपई अतोनात खाल्ली तर फार तर तळहात पिवळे दिसतील आणि पपई कमी केली की ते पूर्ववत होतील. दुधातुपात रेटिनॉल असतं, पण आपण वाटीभर दूध आणि चमचाभर तूप खातो, घागरभर नव्हे. तेव्हा ध्रुवावरच्या कुत्र्याच्या यकृताची भीती भोपळ्याच्या भाजीला लावणं म्हणजे शेजारच्या गावात पूर आला म्हणून आपल्या तुळशीला पाणी घालायचं बंद करणं.

उलट, 'अ' कमी पडल्यावर काय होतं हे या देशानं डोळ्यांनी पाहिलंय. खरं तर डोळे गमावून पाहिलंय. आधी रातांधळेपणा. मग डोळ्यांतला ओलावा जातो, पांढऱ्या बुबुळावर फेसासारखे डाग येतात आणि शेवटी काळं बुबुळ विरघळून लेकरू कायमचं आंधळं होतं. अशी मुलं इतकी होती की 1970 मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर तोंडात जो गोड औषधाचा डोस घालतात तो त्याच मोहिमेतला. गोवर झालेल्या मुलालाही डॉक्टर 'अ' देतात, कारण ते कमी असलं तर गोवर डोळ्यांवर आणि जिवावर बेततो.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली. तिचे एक संचालक डॉ. सी. गोपालन यांनी पुढे मुलांना सरसकट मोठे डोस देण्यावर कडक टीका केली. पण म्हणून त्यांनी 'अ' जीवनसत्त्वाला विष ठरवलं का? नाही. त्यांचा आग्रह असा की ते बाटलीतून देण्यापेक्षा ताटातून मिळू दे. भाजीपाला, फळं, दूध लेकरांपर्यंत पोचू दे. जाणत्या माणसांत वाद आहे तो डोसाचा. भाजीचा वाद कुणीच घालत नाही. आमच्याकडे मात्र डोसही नको आणि भाजीही नको! आमच्याच ओळखीतल्या एका तरुण आईनं नवव्या महिन्याचा डोस 'विष आहे' म्हणून परत पाठवला. त्या लेकराला कुणी विचारलं?

आपल्या घरांत तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. आपण अंडी, मासे खात नाही. गाजर कंदमूळ म्हणून गेलं. चातुर्मासात जीवजंतूंच्या भयानं पालेभाज्या गेल्या. आंबा तोवर संपलेला असतो. राहतं काय? लाल भोपळा, चालत असेल तर पपई, दूध आणि तूप. आणि कॅरोटीन अंगी लागायचं तर जेवणात थोडी स्निग्धता लागतेच. नेमकं हेच उरलंसुरलं आता काढायला सांगतात, तेही सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुनेच्या ताटातून! गरोदर बाईला संध्याकाळी नीट दिसेनासं होणं ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. आधीच्या पिढीतल्या बाया त्याला 'बाळंतपणाचं असतंच' म्हणायच्या. आपण शिकलेल्या. आपण तरी असं म्हणायचं नाही.

कुणी म्हणेल, "मावशी, आपल्यात रसपरित्याग आहेच की. तूप, दूध सोडणं तपच आहे." आहे ना. पण रसपरित्याग ही जिभेवरची लगाम आहे. आज तूप, उद्या मीठ, परवा साखर, अशा ठरवलेल्या मुदतीचा, समजून घेतलेला त्याग. आपल्याला आवडतं ते आपण सोडायचं, दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घ्यायचं नाही. आजाऱ्याला, गरोदर बाईला, लहान मुलाला आपण उपवासाची सक्ती करत नाही. भीतीनं सोडलेल्या भोपळ्याला त्याग म्हणू नका. त्यात ना संयम, ना निर्जरा. नुसती धास्ती आहे, आणि त्या धास्तीवर कुणाची तरी 'शुद्धीकरणाची' पावडर विकली जातेय.

आता त्या सोडून दिलेल्या शेवटच्या ओळीकडे येऊ. चला, कपाट उघडू.

वरच्या खणात डांबरगोळ्या. बाळाची दुपटी, टोपडी, पणजीची रेशमी कुंची आपण त्यांतच ठेवतो आणि बारशाला तशीच काढून बाळाला गुंडाळतो. त्या गोळ्यांत नॅफ्थॅलिन असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक एन्झाइम कमी असतं, त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलिनच्या नुसत्या वासानंही फुटू लागतात आणि कावीळ विकोपाला जाते. आपल्या बाळाचं काय, हे तपासल्याशिवाय कुणाला ठाऊक? त्यापेक्षा कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवा. कापूरही देवघरात पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

पलंगाखाली डासांची कॉइल. बंद खोलीत एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून 75 ते 137 सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं गेलं. आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी विडी ओढली नाही म्हणून आपण मान ताठ ठेवतो, आणि रात्री नातवाच्या उशाशी हे पेटवतो.

स्वयंपाकघरात या. शिसं, म्हणजे लेड, लहान मुलाच्या मेंदूला बाधतं आणि त्याची कुठलीच मात्रा सुरक्षित मानत नाहीत. 2019 मध्ये बांगलादेशात उघड झालं की हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळत होते. तेव्हा झगझगीत रंगाच्या सुट्या हळदीला भुलू नका. सांगलीची पेठ आपल्या दाराशी आहे. खात्रीच्या माणसाकडून साधी, फिकी दिसणारी हळकुंडं घ्या आणि दळून आणा. शेंदूर हा मुळातच शिशाचा; तो पोरांच्या बोटांना लागू देऊ नका. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नका, त्यातही शिसं सापडतं. घरगुती रंगांत 90 पीपीएमहून जास्त शिसं नको असा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू आहे, पण जुन्या वाड्यांच्या दारांवरचे पोपडे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. रांगतं मूल ते तोंडात घालतं. पितळी भांड्याला कल्हई लावून घेताना कथिल शुद्ध आहे ना, एवढं विचारायला लाजू नका.

मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी शेजारी. ही दोन एकत्र झाली की क्लोरीन वायू निघतो. तो आपल्या नाकात जात नाही, आपण तर दार लोटून बाहेर उभ्या! तो जातो आपल्या कामवाल्या बाईच्या छातीत. तिचा खोकला आपल्या सूक्ष्म जीवदयेत कुठे बसतो?

इथेच माझं खरं भांडण आहे. आपण पाणी गाळून पितो, गाळण्यावरचे जीव परत पाण्यात सोडतो. आणि त्याच हातानं झुरळांवर फवारा मारतो, त्याच कट्ट्यावर पोळ्या लाटतो. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्या घराघरांत वाचला जातो. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हे हिंसादान, बेफिकिरीनं वागणं ही प्रमादचर्या. आणि कान-मन बिघडवणारं ऐकणं ही दुःश्रुती, पापाचा उपदेश करणं तो पापोपदेश. कपाटातल्या विषाला यातले पहिले दोन लागू पडतात. न वाचता, न विचारता पुढे ढकललेल्या मजकुराला उरलेले दोन लागत नाहीत का, हे आपापल्या मनाला विचारा.

"मग डास-झुरळांचं काय करायचं?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे, फक्त त्यात कष्ट आहेत. खिडक्यांना जाळी, झोपताना मच्छरदाणी, कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरचं पाणी आठवड्याला रिकामं. रात्री ओटा कोरडा, खरकटं नाही, मोरीच्या जाळीवर झाकण. सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या घराला तर हे सगळ्यात सोपं. जीव मारण्यापेक्षा त्याला घरात यायचं निमित्तच न देणं, हीच आपली रीत आहे.

तेव्हा येत्या आषाढाआधी दोन कामं करा. सुनेच्या, लेकीच्या, नातवंडांच्या ताटात भोपळ्याची भाजी वाढा, वर चमचाभर तूप घाला. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, फोनला नव्हे. आणि एका दुपारी पदर खोचून कपाट, मोरी, देवघर आणि मसाल्याचा डबा, सगळं रिकामं करून बघा. सोडायचंच असेल तर सोडण्यासारखं तिथे पुष्कळ निघेल.