पाद्रीबाबांचा बिग बँग

परवा जेवताना लॅबमधला एक श्रद्धाळू सहकारी म्हणाला, "बिग बँग म्हणजे बायबलमधली निर्मितीच की!" मला ज्यॉर्ज लमेत्र आठवले. बेल्जियमचे हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू आणि शास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली मांडलं, आणि ते एका 'आदिअणू'तून निघालं असावं हे १९३१ साली.

१९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विज्ञानात देवाच्या निर्मितीची साक्ष दिसते असं जाहीरपणे सांगितलं. खूश व्हायचं सोडून लमेत्र अस्वस्थ झाले!

मला त्यांचंच पटतं. ख्रिस्ती शिकवणीत निर्मिती म्हणजे नुसता पहिला क्षण नव्हे. विश्वाचं असणंच देवावर अवलंबून आहे, हा तिचा गाभा. दुर्बिणीतून हे सिद्ध होत नाही, आणि खोटंही ठरत नाही. शिवाय सिद्धांत बदलतात. आज श्रद्धेला त्यांची कुबडी दिली, तर उद्या ती निसटल्यावर काय करायचं?

नासदीय सूक्तात बिग बँग शोधणाऱ्या आपल्या मंडळींनाही माझा हाच प्रश्न आहे. त्या सूक्ताचा शेवट तर शंकेनेच होतो. ती शंका तरी शाबूत ठेवूया.