कवितेचा अर्थ आणि कवितेचा खेळ

मुलांस कवितेची गोडी उरली नाही, अशी ओरड शिक्षकवर्गाकडून वारंवार आमच्या कानी येते. ही गोडी घालविली कोणी, हा प्रश्न मात्र तितक्या आवर्जून विचारला जात नाही. कविता फळ्यावर आली की प्रथम कठीण शब्दांचे अर्थ, मग सरळ अर्थ, मग मध्यवर्ती कल्पना. आणि एवढ्या चिरफाडीनंतर मुलाने तिच्यावर प्रेम करावे ही अपेक्षा! शब्दखेळांची सूचना कोणी केलीच, तर असल्या पोरखेळाने काव्याचे गांभीर्य जाते, हे उत्तर ठरलेले आहे.

हे गांभीर्यवादी मोरोपंतांस (१७२९–१७९४) कोणत्या वर्गात बसविणार? अनेक रामायणे रचणाऱ्या या पंडितकवीने त्यांपैकी एक 'निरोष्ठ' केले. म्हणजे ज्यांच्या उच्चारास ओठ मिटावे लागतात ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. कथा रामाची, आणि 'राम' हे नावच उच्चारावयाचे नाही! यास कोणी पोरखेळ म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

हाच नियम दहा वर्षांच्या मुलांस घालून पाहावा. घरच्या माणसांवर चार ओळी रचावयाच्या, पण ओठ मिटता कामा नयेत. आई, आजी, काका, ताई निर्विघ्न आत येतात. बाबा, मामा, मावशी दाराबाहेर राहतात. बाबांसाठी 'वडील' सापडतो. मामास 'आईचा भाऊ' म्हणावे तर 'भ' आडवा येतो. तेव्हा कोणी 'आईचा दादा' शोधून काढतो आणि वर्ग हसतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ करणाऱ्या मुलास ही शोधाशोध कधी करावीच लागत नाही. पाठांतराचेही तेच: छडीने जे साधले नाही ते भेंड्यांनी घरोघर साधले, कारण 'ण' वर अडलेल्या पक्षास नवे पद्य आठवणे भागच असते.

नुसती यमके टांगून कविता होत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण 'राणीची बाग' (१९६१) लिहिणारे विंदा करंदीकर प्रौढांचेही थोर कवी होते, हे आक्षेपकांनी विसरू नये. परीक्षेत खेळास गुण कसे द्यावयाचे, ही अडचण खरी. पण ती परीक्षेची आहे. तूर्त पाठ्यपुस्तकातील एका तरी कवितेखाली स्वाध्याय छापू नये, एवढेच आमचे मागणे आहे.